आधी झुरका, मग ओहम : रिबिल्डेबल ॲटोमायझर आणि कॉइलचा रोध कसा निवडावा

ब्रिटनमध्ये १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकून देण्याच्या व्हेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या, विक्रीवर बंदी आली. सिगारेट सोडण्यासाठी ज्यांनी ही नळकांडी हाती घेतली होती, अशा माझ्या ओळखीतल्या अनेक मराठी मंडळींनी त्यानंतर पुन्हा भरता येणाऱ्या उपकरणांची चौकशी सुरू केली, आणि त्यांतले काही जण कॉइल, म्हणजे द्रव तापवणारी तारेची गुंडाळी, स्वतः वळून बसवायच्या रिबिल्डेबल ॲटोमायझरपर्यंत (ॲटोमायझर म्हणजे उपकरणाचा वाफ तयार करणारा भाग) येऊन पोहोचले. त्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो : किती ओहमची कॉइल लावायची? माझ्या मते हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारायचा आहे. आधी आपला झुरका कसा आहे हे ओळखावे, त्यावरून ॲटोमायझर निवडावा, आपली बॅटरी सुरक्षितपणे किती विद्युतधारा देऊ शकते हे पाहावे, आणि या सगळ्यांच्या मर्यादेत बसणारा रोध मग ठरवावा. क्रम उलटा झाला की पैसे वाया जातात, आणि त्याहून वाईट म्हणजे माणूस कंटाळून पुन्हा सिगारेटकडे वळतो.

हे मार्गदर्शन ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आणि धूम्रपान सोडू पाहणाऱ्या प्रौढांसाठी आहे. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवण आणि जाहिरात या सर्वांवर बंदी असून साठवण सोडून (तिची शिक्षा वेगळी आहे) बाकी सर्वांसाठी पहिल्या गुन्ह्यालाही एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. त्यामुळे सुट्टीत मुंबई-पुण्याला जाताना यातली एकही वस्तू सामानात ठेवू नये. ब्रिटनची सार्वजनिक आरोग्यसेवा, म्हणजे एनएचएस, व्हेपला सिगारेटपेक्षा कमी हानिकारक मानते, परंतु निर्धोक मानत नाही, आणि जे धूम्रपान करत नाहीत त्यांनी ते सुरूच करू नये असे स्पष्टपणे सांगते. अठरा वर्षांखालील कोणालाही हे साहित्य विकणे तिथे गुन्हा आहे. निकोटीनचे व्यसन लागते ही गोष्ट उपकरण कितीही चांगले असले तरी बदलत नाही.

झुरका कसा घेता?

सिगारेट किंवा बिडी ओढणारा माणूस धूर आधी तोंडात घेतो, क्षणभर थांबतो आणि मग छातीत ओढतो. हुक्का ओढणारा मात्र श्वास घ्यावा तसा धूर सरळ छातीत घेतो. व्हेपच्या दुकानांत पहिल्या पद्धतीला एमटीएल आणि दुसरीला डीएल म्हणतात, आणि पुढची प्रत्येक निवड या एका फरकावर अवलंबून असते. एमटीएलच्या झुरक्याला हवा थोडी लागते, वाफ थोडी लागते, आणि म्हणून त्या थोड्या वाफेत निकोटीन पुरेसे असावे लागते. डीएलमध्ये हवा आणि वाफ भरपूर असल्याने निकोटीनचे प्रमाण कमी ठेवावेच लागते, नाहीतर चार झुरक्यांत डोके गरगरते.

मी स्वतः याच ठिकाणी चुकलो होतो. पंधरा वर्षे सिगारेट ओढून झाल्यावर मी दुकानातल्या माणसाच्या सल्ल्याने दोन कॉइलचा मोठा ॲटोमायझर घेतला, पाव ओहमची जोडी बसवली, आणि सिगारेटची तलफ भागावी म्हणून त्यात मिलिलिटरला १२ मिलिग्रॅम निकोटीनचे ज्यूस, म्हणजे ज्याची वाफ होते ते द्रव, भरले. पहिल्याच संध्याकाळी मळमळ सुरू झाली, घसा जळजळला, आणि आपल्या प्रकृतीला व्हेप मानवत नाही असा निष्कर्ष काढून मी पुढचे दोन महिने पुन्हा सिगारेट ओढत राहिलो. उपकरणात काही दोष नव्हता. माझा झुरका सिगारेटचा होता आणि उपकरण हुक्क्याच्या झुरक्याचे होते. नंतर एका मित्राने एका कॉइलचा, अरुंद हवेचा छोटा आरटीए, म्हणजे टाकी असलेला ॲटोमायझर, हातात ठेवला आणि एक ओहमच्या आसपासची कॉइल कशी वळायची ते समोर बसून दाखवले. त्या आठवड्यात माझी सिगारेट सुटली. म्हणून नुकतीच सिगारेट सोडणाऱ्याला मी आग्रहाने सांगतो की सुरुवात एमटीएलनेच करावी, वाफेचे ढग पाहून भुलू नये.

झुरका ठरला की ज्यूसही जवळजवळ ठरतेच. ब्रिटनमध्ये निकोटीनची कायदेशीर मर्यादा मिलिलिटरला २० मिलिग्रॅम आहे आणि निकोटीन असलेली बाटली १० मिलिलिटरपेक्षा मोठी विकता येत नाही. एमटीएलसाठी १२ ते २० मिलिग्रॅमचे, प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन निम्मे-निम्मे असलेले पातळ ज्यूस योग्य असते. डीएलसाठी ३, फार तर ६ मिलिग्रॅमचे आणि सत्तर टक्के ग्लिसरीन असलेले दाट ज्यूस घ्यावे. मोठी बाटली स्वस्त पडते म्हणून लोक ६० मिलिलिटरच्या बाटलीत ५० मिलिलिटर निकोटीनविरहित ज्यूस घेतात आणि त्यात १८ मिलिग्रॅमची दहा मिलिलिटरची बाटली ओततात. त्यातून मिलिलिटरला बरोबर ३ मिलिग्रॅम निकोटीन येते. हे मिश्रण डीएलसाठी ठीक आहे, पण एमटीएलच्या माणसाला ते अपुरे पडते. खर्चाचाही विचार करावा. मला एमटीएलमध्ये दिवसाला दोन-तीन मिलिलिटर पुरते, डीएलच्या दिवसांत दहा मिलिलिटरही संपत असे. आणि २०२४ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेला, १ ऑक्टोबर २०२६ पासूनचा १० मिलिलिटरमागे २ पौंड २० पेन्सचा कर लक्षात घेता हा फरक लहान नाही.

ॲटोमायझरची निवड

रिबिल्डेबल ॲटोमायझरचे मुख्य प्रकार दोन आहेत. आरटीएमध्ये काचेची टाकी असते, तिच्या तळाशी किंवा मधोमध डेक, म्हणजे कॉइल बसवायची बैठक, असतो, आणि कॉइलमधून ओवलेल्या कापसाच्या वातीची टोके ज्यूसच्या खाचांत उतरतात. ब्रिटनमध्ये टाकीची क्षमता २ मिलिलिटरपेक्षा जास्त असू शकत नाही. आरडीएमध्ये टाकी नसते. डेकवर थेंब थेंब ज्यूस सोडायचे, पाच-सहा झुरके घ्यायचे आणि पुन्हा सोडायचे. दोन्हींचा संकर असलेला आरडीटीए नावाचाही प्रकार आहे, परंतु नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. आरडीएच्या मधल्या पिनला छिद्र असेल तर स्क्वांक पद्धतीच्या मॉडमधली (मॉड म्हणजे उपकरणाचा बॅटरी असलेला भाग) मऊ बाटली दाबून ज्यूस खालून वर चढवता येते, आणि घरी बसून काम करणाऱ्यांना ही सोय आवडते.

चालत्या-फिरत्या माणसासाठी आरटीएच बरा. तो भरला की काही तास चालतो, गाडी चालवताना थेंब टाकत बसावे लागत नाही. कॉइल वळायला शिकण्यासाठी मात्र आरडीएसारखा गुरू नाही, कारण टोपी काढली की सगळे डोळ्यांसमोर असते : कॉइल कशी तापते, वात कुठे कोरडी पडते, ज्यूस कुठे साचते. ऐपत असेल तर दोन्ही घ्यावेत. एकच घ्यायचा असेल तर आरटीए घ्यावा.

एमटीएलच्या आरटीएमध्ये हवेचे छिद्र साधारण ०.८ ते १.६ मिलिमीटरचे, आणि शक्यतो कमी-जास्त करता येणारे असावे. वाफेची घुमटी, म्हणजे कॉइलवरचे झाकण, लहान असावी. मोठ्या घुमटीत थोडी वाफ पसरून जाते आणि चव फिकी पडते. एसव्होएमेस्टो या जर्मन कंपनीचा कायफुन आणि व्हँडी व्हेपचा बर्सर्कर ही या वर्गातली जुनी, ओळखीची नावे आहेत. डीएलसाठी गीकव्हेपचा झ्यूस प्रसिद्ध झाला तो त्याच्या वरून येणाऱ्या हवेमुळे : छिद्रे टाकीच्या वर असल्याने ज्यूस तळातून गळण्याचा प्रश्न जवळजवळ मिटतो. आरडीएमध्ये ओमियरचा वास्प नॅनो स्वस्त आणि एका कॉइलचा असल्याने शिकण्यासाठी सोयीचा आहे. नावांपेक्षाही रचनेकडे लक्ष द्यावे, कारण मॉडेल बदलत राहतात.

रचनेत सर्वांत आधी कॉइलचे पाय, म्हणजे तारेची दोन टोके, कसे पकडले जातात ते पाहावे. काही डेकवर खांबांना छिद्रे असतात आणि पाय त्यांत घालून वरून स्क्रू आवळतात. काहींत चापासारखी पट्टी पायावर बसते. काहींत खांबच नसतात आणि पाय आधीच मोजून कापून खाली भोकांत सोडावे लागतात. नवशिक्याला पट्टीचा चाप सर्वांत सोपा, कारण त्यात तार चुकीच्या दिशेने फिरत नाही आणि स्क्रूच्या टोकाने कापलीही जात नाही. खांब नसलेला डेक दिसायला मोकळा असतो, पण पायांची लांबी एका मिलिमीटरने चुकली तरी कॉइल एका बाजूला कलते. दुसरी गोष्ट म्हणजे सुरुवातीला एकाच कॉइलचा डेक घ्यावा. दोन कॉइल तंतोतंत सारख्या वळाव्या लागतात; एक आधी आणि दुसरी नंतर तापू लागली तर एकीची वात जळते आणि दुसरीत ज्यूस उकळतच नाही. तिसरी गोष्ट, स्क्रूचे माथे आणि सुटे भाग. जादा स्क्रू, रबरी कड्या आणि काच डब्यात मिळते का हे बघून घ्यावे, कारण सिंकच्या भोकातून गेलेला एक बारीक स्क्रू सगळा ॲटोमायझर निकामी करू शकतो.

तार, वेढे आणि रोध

शाळेत शिकलेला नियम इथे जसाच्या तसा लागू होतो : तार जितकी लांब तितका रोध जास्त, तार जितकी जाड तितका रोध कमी, आणि उरलेला फरक धातूच्या रोधकतेचा. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते हे आधी मनात पक्के करावे. २४ गेजची तार सुमारे ०.५१ मिलिमीटर, २६ गेजची ०.४०, २८ गेजची ०.३२ आणि ३० गेजची ०.२५ मिलिमीटर जाड असते.

धातूंमध्ये कांथल ए१ हा लोह, क्रोमियम आणि ॲल्युमिनियमचा मिश्रधातू शिकण्यासाठी उत्तम आहे. तो ताठ असतो, वळलेला आकार सोडत नाही, आणि तापला तरी त्याचा रोध जवळजवळ तेवढाच राहतो. त्यात निकेल नसल्याने निकेलची ॲलर्जी असणाऱ्यांनाही तो चालतो. निक्रोम ८० मऊ असते, लवकर तापते, आणि त्याचा रोध कांथलच्या सुमारे तीन-चतुर्थांश असतो. एसएस३१६एल या पोलादाचा रोध कांथलच्या निम्म्याच्या आसपास असतो आणि तापमानानुसार तो मोजता येईल इतका वाढतो, म्हणून तापमान नियंत्रणासाठी तेच वापरावे. शुद्ध निकेल आणि टायटॅनियमच्या ताराही मिळतात. त्या कधीही कोरड्या लाल तापवू नयेत. टायटॅनियमवर तसे केल्यास ऑक्साइडचा पांढरट थर येतो. माझ्या मते नवशिक्याला या दोन्हींची गरज नाही.

प्रत्यक्ष उदाहरणे घेऊ. २८ गेजच्या कांथलचा रोध मीटरला सुमारे १८ ओहम असतो. अडीच मिलिमीटर जाडीच्या दांड्यावर एक वेढा घातला की जवळजवळ ९ मिलिमीटर तार लागते. सहा वेढ्यांना ५३ आणि दोन्ही पायांना मिळून आठेक मिलिमीटर धरले तर एकूण ६१ मिलिमीटर होते, आणि रोध येतो सुमारे १.१ ओहम. ही एमटीएलची माझी नेहमीची कॉइल आहे आणि ती मी ११ ते १४ वॅटवर चालवतो. त्याच मापात निक्रोम वापरले तर रोध सुमारे ०.८ ओहम होतो. कॉइल जरा चटकन तापते, बाकी अनुभव तोच. आता २६ गेजचे कांथल ३ मिलिमीटरच्या दांड्यावर सहा वेढे घेतले तर रोध ०.८ ओहमच्या आसपास येतो, आणि अशा दोन कॉइल शेजारी शेजारी, म्हणजे समांतर जोडल्या की तो निम्मा होऊन ०.४ ओहम उरतो. समांतर जोडणीचा हा नियम विसरल्यामुळे अनेकांना मीटरवरचा आकडा पाहून दचकायला होते. ०.८ चे दोन लावले तर १.६ होत नाहीत.

कमी रोध म्हणजे चांगली कॉइल, हा समज मुळातून काढून टाकला पाहिजे. ओहमचा आकडा आपल्याला कॉइल किती गरम होते हे सांगत नाही. ते ठरते तारेच्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरला किती शक्ती मिळते यावर. वरच्या २८ गेजच्या सहा वेढ्यांचा पृष्ठभाग सुमारे ५४ चौरस मिलिमीटर होतो. त्याला १२ वॅट दिले तर प्रत्येक चौरस मिलिमीटरला सुमारे २२० मिलिवॅट मिळतात. साध्या गोल तारेसाठी १५० ते ३०० मिलिवॅटचा पट्टा बहुतेकांना मानवतो : खाली गेले तर वाफ ओलसर आणि बेचव होते, वर गेले तर घसा पोळतो. २६ गेजच्या एका कॉइलचा पृष्ठभाग ८२ चौरस मिलिमीटरच्या आसपास असल्याने तिला हाच उबदारपणा यायला सुमारे १८ वॅट लागतात, आणि जोडीला ३६. म्हणजे जाड तार आणि जास्त वेढे घेतले की जास्त शक्ती लागते, त्यामुळे जास्त वाफ होते, जास्त हवा लागते आणि बॅटरीही लवकर उतरते. मोबाइलवर कॉइलची गणिते करणारी संकेतस्थळे हे सगळे मांडून दाखवतात, पण एकदा कागदावर स्वतः करून पाहिले की आकड्यांची भीती जाते.

दोन-तीन तारांवर बारीक तार गुंडाळलेल्या क्लॅप्टन प्रकारच्या तयार कॉइल चवीला खरोखर चांगल्या असतात, कारण त्यांच्या खाचांत ज्यूस धरून राहते. त्यांचे वजन जास्त असल्याने त्या उशिरा तापतात आणि उशिरा निवतात. डीएलच्या एका कॉइलच्या डेकवर तीन मिलिमीटरची, ०.३ ते ०.४ ओहमची एक फ्यूज्ड क्लॅप्टन ४० ते ५० वॅटवर लावून पाहण्यासारखी आहे. त्याखाली जाण्याचे कारण मला दिसत नाही.

वॅट आणि बॅटरी

हा भाग घाईने वाचू नये. इथली चूक हातावर किंवा चेहऱ्यावर येऊ शकते.

बॅटरी पूर्ण भरलेली असताना ४.२ व्होल्ट देते. इलेक्ट्रॉनिक नियंत्रण नसलेल्या मेकॅनिकल मॉडमध्ये ते विभवांतर सरळ कॉइलवर येते, आणि विद्युतधारा म्हणजे ४.२ भागिले रोध. अर्ध्या ओहमला ८.४ अँपिअर, ०.२ ओहमला २१ अँपिअर, ०.१ ओहमला ४२ अँपिअर. १८६५० मापाच्या चांगल्या बॅटरीची सततची सुरक्षित मर्यादा साधारण १५ ते २५ अँपिअर असते. उदाहरणार्थ, सॅमसंगची २५आर ही २५०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी २० अँपिअरची आहे. ०.२ ओहमवर तिचीही मर्यादा ओलांडली जाते. वेष्टनावर छापलेला ३५ किंवा ४० अँपिअरचा आकडा बहुधा क्षणिक धारेचा असतो, किंवा नुसती जाहिरात असते. त्यातही हायब्रिड प्रकारच्या मेकॅनिकल मॉडमध्ये ॲटोमायझरची ५१० पिन, म्हणजे त्याच्या तळाचे वीज घेणारे टोक, बॅटरीला थेट टेकते. ती पिन धातूच्या कडेपेक्षा स्पष्टपणे पुढे आलेली नसेल तर बॅटरी सरळ शॉर्ट होते. मी मेकॅनिकल मॉड वापरत नाही आणि कोणाला सुचवतही नाही.

नियंत्रित मॉडमध्ये गणित वेगळे आहे, आणि अनुभवी लोकही इथे गोंधळतात. तिथे मधली चिप विभवांतर कमी-जास्त करून ठरवलेले वॅट देते, त्यामुळे बॅटरीवरचा भार रोधावर अवलंबून नसून वॅटवर अवलंबून असतो. बॅटरी उतरत ३.२ व्होल्टपर्यंत आली आणि चिपची कार्यक्षमता नव्वद टक्के धरली, तर ४० वॅटसाठी बॅटरीतून सुमारे १४ अँपिअर खेचले जातात आणि ६० वॅटसाठी जवळजवळ २१. कॉइल ०.३ ओहमची असो वा १.२ ची, हे आकडे तेच राहतात. याचा अर्थ असा की एका १८६५० बॅटरीच्या मॉडवर वीस अँपिअरची बॅटरी असताना ५० वॅटच्या वर जाऊ नये, मग डब्यावर ८० वॅट लिहिलेले असले तरीही. दोन बॅटरींच्या मॉडमध्ये भार वाटला जातो, परंतु त्या दोन्ही एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच जातीच्या असाव्यात आणि नेहमी जोडीनेच वापराव्यात, जोडीनेच भराव्यात.

उलट दिशेची मर्यादाही आहे. २ ओहमच्या कॉइलला २० वॅट द्यायचे तर ६.३ व्होल्ट लागतात, आणि विभवांतर वाढवू न शकणारा एका बॅटरीचा छोटा मॉड तेवढे देऊच शकत नाही. १.१ ओहमला १४ वॅटसाठी जेमतेम ३.९ व्होल्ट पुरतात, म्हणून एमटीएलसाठी मी ०.७ ते १.२ ओहमचा पट्टा सांगतो : बॅटरी अर्धी उतरली तरी झुरका फारसा बदलत नाही.

बॅटरीचे वेष्टन नखाएवढे जरी फाटले असेल, किंवा धन टोकावरची इन्सुलेटरची चकती सरकली असेल, तर ती बॅटरी मॉडमध्ये घालू नये. नवे वेष्टन काही पेन्समध्ये मिळते. सुटी बॅटरी किल्ल्या-नाण्यांबरोबर खिशात टाकू नये. प्लास्टिकची डबी जवळ ठेवावी.

वळणे आणि वात भरणे

तार स्पिरिटने पुसून, दांड्यावर थोडा ताण देत वळावी. वेढे एकमेकांना चिकटतील असे ठेवावेत. मग कॉइल डेकवर बसवून, स्क्रू आवळून, पायांची उरलेली टोके कटरने अगदी मुळाशी कापावीत, कारण टोपीला टेकलेले टोक म्हणजे शॉर्ट. मॉडवर रोध तपासावा. आकडा स्थिर नसेल तर कळ दाबायची नाही, आधी स्क्रू पाहायचा. मग १० वॅटच्या आसपास ठेवून एकेक सेकंदाने कळ दाबावी, आणि कॉइल निवल्यावर सिरॅमिकच्या चिमट्याने वेढे हलके दाबावेत, चिमट्याचा दांडा कॉइलवरून अलगद फिरवावा. कॉइल मधून तापत कडेला गेली म्हणजे जमले. एखादाच वेढा आधी लालबुंद होत असेल तर तिथे वेढे नीट लागलेले नाहीत. पहिल्या तापण्यानंतर स्क्रू पुन्हा एकदा आवळावेत. उष्णतेने ते थोडे सैल होतात. कॉइलचा खालचा भाग हवेच्या छिद्रापासून एक-दीड मिलिमीटर वर असावा.

वातीचे काम आपल्या घरांत पिढ्यान्पिढ्या चालत आले आहे. समईची वात सैल वळली तर ती तेलात पडते, फार घट्ट वळली तर तेल चढत नाही आणि ज्योत काजळते, इथेही तसेच. ब्लीच न केलेल्या जपानी कापसाची पट्टी कॉइलमधून ओढताना किंचित अडकली पाहिजे, पण कॉइल जागची हलता कामा नये. आरटीएमध्ये टोके डेकच्या कडेपर्यंत कापून विंचरावीत, म्हणजे ती पातळ होतात, आणि ज्यूसच्या खाचेच्या तोंडाशी अलगद टेकवावीत. कोंबू नयेत. खाच मोकळी राहिली तर टाकी तळातून गळते, कोंबली तर झुरका कोरडा जातो. भरण्यापूर्वी कापूस ज्यूसने पूर्ण भिजवावा आणि पाच मिनिटे थांबावे. कोरड्या कापसावर कळ दाबली तर जळका, घशाला झोंबणारा झुरका येतो. ग्लिसरीन आणि ग्लायकॉल अति तापल्यावर फॉर्माल्डिहाइड आणि ॲक्रोलिनसारखी विषारी द्रव्ये तयार होतात, म्हणून तसा झुरका आला की तिथेच थांबून वात बदलावी, दामटून ओढू नये. वात साधारण आठवड्याने, गोड ज्यूस असेल तर तीन-चार दिवसांनी बदलावी. कांथलची कॉइल वात काढून, लाल तापवून, निवल्यावर पाण्याखाली घासली की पुन्हा वापरता येते.

तापमान नियंत्रण ज्यांच्या मॉडवर आहे त्यांनी एसएस३१६एलचा प्रयोग अवश्य करावा. २६ गेजची तार, ३ मिलिमीटरचा दांडा, सात वेढे : रोध अर्ध्या ओहमच्या जवळ येतो. २० वरून २२० अंशांवर जाताना तो साधारण १८ टक्क्यांनी, म्हणजे ०.५९ पर्यंत वाढतो, आणि त्या वाढीवरूनच चिप तापमान ओळखून शक्ती कमी करते. वात कोरडी पडत आली की मॉड आपोआप हात आखडता घेतो. कॉइल पूर्ण निवलेली असतानाच मॉडमध्ये तिचा रोध नोंदवावा, नाहीतर सगळे हिशेब चुकतात.

काही बिघडले तर

झुरका बेचव आणि ओला लागत असेल तर दोन-दोन वॅटने वर जावे किंवा हवा थोडी कमी करावी. घसा पोळत असेल तर वॅट कमी करावेत, आणि तरीही थांबत नसेल तर निकोटीनचे प्रमाण तपासावे, कॉइलला दोष देण्याची घाई करू नये. रोधाचा आकडा दिवसभरात उड्या मारत असेल तर बहुधा पायाचा स्क्रू सैल असतो, नाहीतर ५१० पिनवर ज्यूसचा थर बसलेला असतो. कापसाच्या बोळ्याने तो पुसला की आकडा जागेवर येतो.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि ती वहीत लिहून ठेवावी : तार, गेज, दांडा, वेढे, मोजलेला रोध, वॅट, निकोटीन. निकोटीन उतरवताना हे विशेष पाळावे. मी १८ वरून १२ वर आणि नंतर ६ वर उतरलो तेव्हा तिन्ही टप्प्यांवर कॉइल तीच १.१ ओहमची ठेवली होती आणि दर वेळी किमान सहा आठवडे थांबलो होतो. ६ वर आल्यावर पहिले चार-पाच दिवस मी जास्त झुरके घेत असल्याचे लक्षात आले, तेव्हा वॅट वाढवण्याऐवजी हवेचे छिद्र एक घर मोठे केले, आणि दुसऱ्या आठवड्यापर्यंत टाकी पुन्हा पूर्वीइतकीच पुरू लागली.